नाटक माईकखाली अडकलंय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यात्रांचा सीझन आता संपत आलाय. या दोन-अडीच महिन्यांत मी खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या पश्चिम भागात मिळून सहा नाटकं बघितली, त्यातलं एक आमच्याच गावचं, मीच बसवलेलं, आणि वर एका एकांकिका स्पर्धेला दोन्ही दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत बसून होतो. पोरांची मेहनत बघून ऊर भरून येतो हे आधी सांगतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की हा माणूस नुसत्या खोड्या काढायला बसलाय. पोरं दिवसभर उद्यमबागमधे मशीनवर उभी असतात, कुणी गोव्यात कामाला असतं ते शनिवारी रात्री येतं, आणि तरी पन्नास-साठ पानांचं पाठांतर चोख करतात. पण आमचं सोडून बाकी पाचही नाटकांत मला एकच गोष्ट दिसली आणि ती डोक्यातून जात नाही म्हणून हे पत्र. आपली नाटकं ऐकायला चांगली झालीयत, पण बघायला त्यात काही उरलेलं नाही. माणसं स्टेजवर येतात, माईकखाली उभी राहतात, बोलतात आणि जातात.

माईकपासूनच सुरू करतो. यात्रेच्या स्टेजवर साऊंडवाला वरून तीन माईक सोडतो, एक मधे आणि दोन बाजूला, नटाच्या डोक्यापासून हात-दीड हात वर, आणि तिन्ही पुढच्या पडद्यापाशी. पहिल्याच प्रवेशात कुणीतरी मागच्या बाजूनं बोलतं, लांब झाडाखाली बसलेल्यांना ऐकू येत नाही, आवाज आवाज म्हणून ओरड होते, आणि तिथून पुढं पूर्ण नाटक त्या मधल्या माईकखाली गोळा होतं. बाप बोलला की बाप माईकखाली, मग बाप दोन पावलं मागं आणि मुलगा पुढं, मग मुलगा मागं आणि सून पुढं. कोण कुणावर चिडलंय, कुणाला कुणापासून लांब जावंसं वाटतंय, कुणाला जवळ घ्यावंसं वाटतंय, काहीच दिसत नाही कारण सगळी एकाच ओळीत आणि तोंडं लोकांकडं. एका नाटकात म्हातारी आई शेवटच्या घटका मोजत असते, खाट मागं भिंतीला लावलेली, आणि ते काम करणाऱ्या ताई खाटेवर उठून बसल्या आणि माईककडं मान वळवून बोलल्या. त्यांची तालीम मी बघितली होती, शेजारचंच गाव. तिथं त्या पडल्या पडल्या नुसती बोटं हलवून मुलाला बोलवायच्या आणि मुलगा खाली बसून कान त्यांच्या तोंडापाशी न्यायचा, तालीम बघायला बसलेले आम्ही चार जण गप्प झालो होतो. ते सगळं त्या रात्री गेलं. त्यात ताईंची चूक नाही आणि मुलाचं काम करणाऱ्याचीही नाही. माईक कुठं टांगायचा हे नाटक बघून ठरवायला पाहिजे होतं आणि ते ठरवायचं काम कुणाकडंच दिलेलं नव्हतं.

पुढं येऊन मधोमध उभं राहायची सवय तशी जुनी आहे आणि एकेकाळी तिला कारण होतं. वीज नव्हती तेव्हा उजेड स्टेजच्या पुढच्या काठावर असायचा, गावाकडं गॅसबत्त्या, म्हणजे नट जितका पुढं येईल तितका त्याचा चेहरा दिसायचा, आणि आवाज तर छातीतूनच काढायचा. संगीत नाटकात पद सुरू झालं की गाणाऱ्याला एका जागी स्थिर उभं राहणं सोयीचं. हा वारसा आपल्या घरचा आहे, अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, १८८० ला पुण्यात त्यांनी शाकुंतल उभं केलं आणि तिथून संगीत नाटकाचं युग सुरू झालं. पण त्याच्याही मागं जा. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीतास्वयंवर केलं, आणि त्याला निमित्त झाले ते कर्नाटकातून सांगलीला आलेल्या भागवत मंडळींचे खेळ. ते खेळ नाचण्याचे, पावलांचे, फेर धरण्याचे. म्हणजे मराठी नाटक जन्माला आलं तेव्हाच त्याच्या अंगात कानडी खेळाचं नाचणं होतं, आणि आपण सीमाभागातली माणसं, दोन्ही बाजूंचं बघत वाढलेली, आपणच ते विसरावं याचं मला जास्त वाईट वाटतं. मी लहान असताना मामाबरोबर गोकाककडं श्रीकृष्ण पारिजात हे कानडी लोकनाट्य बघितलंय, रात्रभर चालायचं. मला कानडी तेव्हा बाजारापुरतं यायचं, पण दूती कुणाची बाजू घेऊन बोलतेय, सत्यभामा कधी रुसली आणि कधी वरवर रुसली हे मला तिच्या मानेवरून आणि चालण्यावरून कळत होतं. आज आपल्या यात्रेत सुद्धा कानडी पाहुणे बसलेले असतात की. त्यांना आपण काय दाखवतो?

आणि पोरांना येत नाही असंही नाही, हेच मला सगळ्यात जास्त लागतं. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक बघा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर दहा बाय सात फुटाच्या जागेत हीच पोरं सजीव देखावा करतात, आवाज आधीच रेकॉर्ड केलेला असतो, माईक नाही, त्यामुळं सगळं अंगानंच सांगायचं. तिथं अफझलखानाच्या भेटीत खान कसा झुकतो, महाराजांचा हात कसा वर येतो, मागचा सय्यद बंडा कधी सरकतो, हे गल्लीतली पोरं इतकं चोख करतात की रस्त्यावरची माणसं दोन-दोन तास उभी राहून बघतात. तोच पोरगा यात्रेच्या स्टेजवर आला की त्याचे हात मांडीला चिकटतात. म्हणजे अंगात आहे. तालमीत ते कुणी मागितलंच नाही.

मला स्वतःला हे कळलं ते अठरा वर्षांपूर्वी, एका बुकिंगच्या ताईंमुळं. आपल्याकडं गावच्या नाटकात बायकांची कामं करायला बऱ्याचदा बाहेरून कलाकार बुक करतात, त्या बिचाऱ्या एका सीझनमधे किती तरी गावांत किती तरी नाटकं करतात आणि पुष्कळदा नाटकाच्या दिवशी संध्याकाळीच येतात. त्या ताई रात्री आठला गाडीतून उतरल्या, शाळेच्या खोलीत मेकअपला बसल्या आणि मला म्हणाल्या, दादा, पाठांतराची काळजी सोडा, मला एवढंच सांगा, मी येते तेव्हा स्टेजवर कोण कुठं असतं, मी कुठून येते, आणि आल्यावर मला काय पाहिजे असतं. मी गडबडलो. दीड महिना तालीम घेतली होती आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण पोरं रोज वेगळीकडं उभी राहायची आणि मी डोळे वहीत घालून फक्त शब्द तपासत होतो. तिला काय पाहिजे असतं याचा तर मी विचारच केला नव्हता, मला वाटायचं एंट्री आहे म्हणून ती येते. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी खडूनं फरशीवर चौकोन काढला, पोरांना बोलावलं आणि अर्धी रंगभूषा तोंडावर असताना पाऊण तासात सगळ्यांच्या जागा ठरवल्या. त्या रात्रीपासून माझ्या वहीत डाव्या पानावर संवाद असतो आणि उजव्या पानावर नुसते चौकोन, चौकोनात गोल आणि बाण, कोण कुठून कुठं गेला आणि कुठल्या शब्दाला गेला. पेन्सिलनं लिहितो, कारण निम्मं तालमीत बदलतं.

आता आम्ही काय करतो ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर चांगलंच. पहिलं म्हणजे जिथं प्रयोग आहे तिथलं स्टेज टेपनं मोजायचं. आमचा मंडपवाला बांधतो ते २४ फूट रुंद आणि १८ फूट खोल असतं, पण पुढचे दोन फूट पडद्याला जातात, मागचे तीन फूट सेटच्या कापडाला आणि मागून ये-जा करायला, म्हणजे खेळायला खोली उरली १३ फूट. तेवढाच चौकोन शाळेच्या पटांगणात चुन्यानं आखायचा, दाराच्या जागी विटा मांडायच्या, खाटेच्या जागी खाट, आणि तालीम त्या रेघेच्या आतच. नाहीतर मोकळ्या पटांगणात पोरं चाळीस फूट धावतात आणि प्रयोगाला तीच धाव चार पावलांत संपते, मग दोघं एकमेकांच्या अंगावर. डावी-उजवी हा घोळ तर कायमचा, नाटकात नटाची उजवी ती उजवी धरतात, म्हणजे बघणाऱ्याची डावी, पण भर तालमीत ते कुणाला सुचत नाही, म्हणून आम्ही विंगांना नावंच दिलीयत, देवळाकडची विंग आणि तळ्याकडची विंग. दुसऱ्या गावात गेलो तरी तीच नावं चालतात. मागच्या बाजूला अप स्टेज आणि पुढच्या बाजूला डाऊन स्टेज का म्हणतात हे पोरं विचारतात, तर युरोपातली जुनी स्टेजं मागं चढत गेलेली असायची म्हणून. आपलं स्टेज सपाट आणि प्रेक्षक खाली जमिनीवर चटईला, म्हणजे पुढचा उभा राहिला की मागचा गायब. मग चढ आपणच करायचा, भाजीचे क्रेट उलटे घालून वर फळी टाकली तरी एक पायरी होते. पुढचा बसलेला, मधला टेकलेला, मागचा फळीवर उभा, तिघांचेही चेहरे दिसतात आणि नुसतं बघून कळतं घरात कुणाचं चालतं.

मूव्हमेंट कशाला द्यायची, हा त्यापुढचा आणि खरा प्रश्न. पुष्कळ दिग्दर्शकांना वाटतं नट फार वेळ एका जागी राहिला की कंटाळवाणं होतं, म्हणून मग त्याला या टोकाकडून त्या टोकाला चालवतात. स्पर्धेत एक एकांकिका अशी होती की पाच जण पस्तीस मिनिटं अखंड फिरत होते आणि मला शेवटी कुणाचंच काही आठवत नव्हतं. स्टेजवर जो हलतो त्याच्याकडं डोळे जातात, त्याला इलाज नाही, म्हणून एकाचं महत्त्वाचं वाक्य चालू असताना दुसऱ्यानं हलायचं नाही, आणि सगळे हलत असताना एकच जण स्थिर राहिला तर डोळे त्याच्याकडं जातात. आणि स्वतःच्या वाक्याला चालायचं असेल तर वाक्याच्या आधी, मधे की नंतर, यानं अर्थच बदलतो. समजा एक म्हातारा म्हणतोय, मी जमीन विकणार नाही. हे बोलून मग दाराकडं गेला तर त्याचं ठरलेलं आहे, विषय संपला. चालत चालत बोलला तर तो विषय टाळतोय, पोरांच्या डोळ्यात बघायचं धाडस नाही. दारापर्यंत जाऊन, थांबून, वळून बोलला तर ते त्याला बोलायचं नव्हतं पण राहवलं नाही. शब्द तेच. आम्ही तालमीत एकाकडून तिन्ही पद्धतीनं करून घेतो आणि बाकीच्यांना विचारतो की हा म्हातारा उद्या सही करेल का नाही, पोरं बरोबर उत्तर देतात, लेक्चर द्यावं लागत नाही.

प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही हा नियम आमच्या आधीच्या लोकांनी फार घट्ट धरला, त्यांचा आदर ठेवून सांगतो की तो आता सोडायला हरकत नाही. यंदा आमच्या नाटकात मुलगा घर सोडून जातो म्हणतो तेव्हा बाप खिडकीकडं तोंड करून उभा, पूर्ण पाठ लोकांकडं, हातात पंचा. ते काम करणारा आमचा गडी फिटर आहे, पहिल्यांदाच स्टेजवर आला होता, त्याला मी एवढंच सांगितलं की तू काही करू नकोस, मुलगा जी जी वस्तू नेणार म्हणतो ती मनात बघ. मुलगा बोलत गेला तसे बापाचे खांदे खाली येत गेले, आणि हातातल्या पंच्याची घडी होत गेली. पुढच्या चटईवरच्या एका आजी मोठ्यानं "अरे देवा" म्हणाल्या. त्या प्रवेशात बापाला एकही वाक्य नाही.

वजनाचं पण सांगायला पाहिजे. आपल्या नाटकात बाई पाण्याची घागर घेऊन येते ती रिकामी असते आणि ती रिकामी आहे हे शेवटच्या माणसाला कळतं, हमाल सूटकेस उचलतो ती पुठ्ठ्याची. रुडॉल्फ लाबान म्हणून एक मोठा माणूस होऊन गेला, १८७९ चा जन्म, नृत्यातला माणूस, त्यानं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या कारखान्यांत कामगार कसे हलतात, कसे उचलतात, कसे ढकलतात याचा अभ्यास केला, आणि हालचाल बघायची झाली तर चार गोष्टी बघा म्हणाला, वजन किती लावलंय, वेळ किती घेतलाय, दिशा थेट आहे का भरकटलेली, आणि ओघ मोकळा आहे का धरून ठेवलेला. मला हे वाचलं तेव्हा फार जवळचं वाटलं, कारण आमची निम्मी मंडळी फाऊंड्रीतली. त्यांना मी सांगतो की स्टेजवरचं पोतं नाटकाचं म्हणून उचलू नको, कारखान्यात लोखंडाचं कास्टिंग उचलतोस तसं उचल, आधी गुडघे, मग कंबर, श्वास कुठं धरतोस ते बघ. घागरीत आम्ही आता खरंच पाणी भरतो. आणि म्हातारा म्हटलं की कमरेत वाकून काठी टेकत थरथरायचं, हे पण बंद केलंय. आपापल्या आजोबांना उठताना बघून या म्हटलं, एक पोरगा येऊन म्हणाला आमचे आजोबा उठायच्या आधी दोनदा पुढं झुकून अंदाज घेतात. तेच ठेवलं, बाकी काही नाही.

गर्दीचे प्रवेश म्हणजे आपल्याकडं सगळ्यात कठीण, पंधरा गावकरी येतात आणि कुणाला काय करायचं माहीत नसतं, मग सगळे अर्धगोल करून हात मागं बांधून उभे. यावर मला उपाय आमच्या भजनी मंडळात सापडला. आपल्या भागात गावोगावी वारकरी भजन आहे आणि पोरांना पावली येते, टाळ हातात घेऊन दोन पुढं एक मागं, एकत्र वळणं, एकत्र बसणं, कुणी मोजत नाही तरी सगळ्यांचं एकदम पडतं, कारण शेजारच्याचा श्वास ऐकू येतो. आम्ही तालमीची पहिली वीस मिनिटं पावली खेळतो, मग टाळ काढून घेतो, मग अभंग पण थांबवतो, आणि नुसतं एकत्र चाला, एकत्र थांबा, मी टाळी न वाजवता थांबा. आठ दिवसांत पंधरा जणांचं एक अंग होतं. मग त्यातल्या एकालाच वेगळं चालू द्या, तो गावाशी भांडलेला माणूस आहे हे लगेच दिसतं. लेझीम, झांजपथक, धनगरी गजनृत्य, सगळं आपल्याकडं आहे आणि सगळं मिरवणुकीत ठेवून आपण नाटकाला येतो. मराठीतलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण घाशीराम कोतवालचंच आहे, १९७२ च्या डिसेंबरमधे पुण्यात पहिला प्रयोग, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना. बारा माणसं ओळीनं उभी राहतात आणि तीच पडदा होतात, झुलतात, पाठ फिरवतात, मागं जे चाललंय ते लपवतात, कधी उघडं पाडतात. त्याला सेटचा खर्च नाही हो. खर्च आहे तो तालमीचा. आपली मंडळं सेटला आणि लाईटला कर्ज काढतात आणि तालमीला पोरं नऊच्या ऐवजी साडेदहाला आली तरी चालवून घेतात.

लढाईच्या प्रवेशांबद्दल मात्र मला हात जोडून सांगायचंय. यात्रेत ऐतिहासिक नाटक म्हटलं की तलवारी आल्या, आणि बऱ्याच ठिकाणी अजून लोखंडी पात्याच्या तलवारी वापरतात, आणि लढाई तालमीत "ते आम्ही करतो सर, तुम्ही काळजी करू नका" म्हणून सोडून देतात. आमच्याच तालमीत एका पोराच्या भुवईवर लागलं, चार टाके पडले, बोटभर खाली असतं तर डोळा गेला असता. ती चूक माझी होती, मी लढाई बसवलीच नव्हती. त्यानंतर मी शिकून घेतलं. वार माणसावर करायचाच नाही, हवेतल्या ठरलेल्या जागेवर करायचा, आणि दोघांनी हात पूर्ण लांबवले तरी पातं दुसऱ्यापासून वीतभर लांब राहील इतकं अंतर. आधी डोळ्याला डोळा, दोघं तयार आहेत हे कळल्यावरच वार. प्रत्येक वाराला आकडा, पहिले कितीतरी दिवस पाण्याखाली चालल्यासारखं हळू, आणि वेग सगळ्यात शेवटी. जो मार खातो त्याच्या हातात सगळं असतं, केस ओढायचे असतील तर ज्याचे केस ओढतात त्यानं समोरच्याचं मनगट स्वतःच्या डोक्यावर घट्ट धरायचं आणि स्वतःच हलायचं, ओढणाऱ्यानं जोर लावायचाच नाही. थोबाडीत मारतात तेव्हा गालाला हात लागत नाही, दोघांपैकी एकाची पाठ अशा कोनात ठेवायची की मधलं अंतर लोकांना दिसू नये, आणि आवाज टाळीचा. आणि प्रयोगाच्या संध्याकाळी, मेकअपच्या आधी, त्याच स्टेजवर प्रत्येक मारामारी एकदा हळू करून बघायची. यात कंटाळा करायचा नाही, एवढी एक विनंती सगळ्या मंडळांनी ऐकावी.

ब्लॅकआऊटचं पण झालंच आहे. घर, मग रस्ता, मग कचेरी, मग परत घर, प्रत्येक वेळी अंधार, अंधारात टेबलं सरकवल्याचा आवाज, तीन-तीन मिनिटं, तोवर लोक मोबाईल काढतात आणि मग परत आत येत नाहीत. घाट उतरून सावंतवाडीकडं गेलं की दशावतारात एका बाकड्यावर राजवाडा होतो आणि एक फेरी मारली की वनात पोचलेले असतात. आणि हे काही गावठी नाही, भरताच्या नाट्यशास्त्रात कक्ष्याविभाग म्हणून सांगितलंय की रंगभूमीचे भाग कल्पायचे आणि एका भागातून दुसऱ्या भागात चालत गेलं की स्थळ बदललं असं समजायचं. कोणत्या पात्रानं कशा गतीनं चालावं यावर त्यात वेगळा अध्यायच आहे. आम्ही यंदा चार ब्लॅकआऊट काढून टाकले, कचेरीत जायचं तर नट टोपी घालून पायरी चढतो आणि कारकून आधीपासून वर बसलेलाच असतो. एकानंही विचारलं नाही की मधे अंधार का नाही केला.

आता स्पर्धेचं. कुठली ते सांगत नाही, आयोजकांचा हेतू चांगला होता आणि जेवणाखाण्याची व्यवस्था सुद्धा चांगली होती. पण प्रवेशपत्रिकेवर स्टेजचं माप नव्हतं, संघांना स्टेज बघायला मिळालं ते थेट सेट लावायच्या १० मिनिटांत, उद्घाटनाची समई आणि भाषणाचं पोडियम दोन्ही दिवस एका कोपऱ्यात तसंच होतं, त्यामुळं तळ्याकडची विंग, म्हणजे माझ्या भाषेत, निम्मी बंद. खानापूरकडच्या एका कॉलेजच्या मुलीचं शेवटचं स्वगत अंधारात झालं कारण तिचा स्पॉट जिथं पडला तिथून ती दोन फूट बाजूला होती. पूर्वी हॅलोजनच्या लाईटची धग चेहऱ्याला लागायची, त्या अंदाजानं नट उजेडात यायचा, आता एलईडी आले, ते थंड, नटाला कळतच नाही आपण उजेडात आहोत का बाहेर. जमिनीवर पांढऱ्या टेपची एक फुली मारली असती तर तिचं स्वगत वाचलं असतं, पण फुली मारायला आधी स्टेज मिळायला पाहिजे ना. नंतर ती विंगेत रडत होती आणि तिला वाटत होतं आपलंच चुकलं.

म्हणून आयोजकांना विनंती, प्रवेशपत्रिकेवर स्टेजची रुंदी, खोली, विंगा किती आणि कुठं, मागून जायला वाट आहे का, एवढं छापा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी किंवा सकाळी लवकर प्रत्येक संघाला वीस मिनिटं नुसतं चालून बघायला द्या, सेट नको, लाईट नको. माईकचं म्हणाल तर जमिनीवर ठेवायचे चपटे माईक मिळतात, पुढच्या काठावर फोमच्या तुकड्यावर तीन ठेवले की पावलांचा आवाज कमी येतो, आणि वरचे माईक पुढं एका ओळीत न लावता दोन मागं सरकवले तरी फरक पडतो. यंदा आमच्या नाटकाच्या वेळी मी साऊंडवाल्या पोराला दोन रात्री तालमीला बोलावलं. पहिल्या रात्री तो म्हणाला, "हे काय करूलासा सर, लोक ऐकायला येतात की." दुसऱ्या रात्री त्यानं स्वतःच खाटेच्या वर मागं एक माईक सुचवला. त्याला कुणी कधी तालमीला बोलावलंच नव्हतं. परीक्षकांना पण नम्रपणे सांगतो, वेगळं बक्षीस नको, पण दोन ओळी हालचालींवर लिहून द्या, कोण कुठं झाकला गेला, कुठली जागा रिकामी राहिली. आत्तापर्यंत मला मिळालेल्या शेऱ्यांत उच्चार, पाठांतर आणि आवाज याशिवाय काही नव्हतं. आणि यात्रा कमिटीवाल्यांनी सत्कार जरा आवरते घ्यावेत, नाटक साडेदहाचं साडेबाराला सुरू झालं की दमलेल्या पोरांच्या पायातून सगळी बांधलेली हालचाल निघून जाते, तोंड तेवढं चालू राहतं.

२०१५ ला ९५ वं नाट्य संमेलन बेळगावात झालं, फैय्याजबाई अध्यक्ष होत्या, तेव्हा आम्ही गावातून टेम्पो करून गेलो होतो. इतका उत्साह असलेल्या भागात हालचालींचं एक तीन दिवसांचं शिबिर तालुक्याच्या ठिकाणी घ्यायला काही अवघड नाही, मोठी नावं नकोत, एक भजनी बुवा, एक झांजपथकवाला, एक नाटकाचा माणूस आणि लढाई बसवायला येणारा कुणीतरी एवढे पुरे. आपल्या पेपरनं नुसती बातमी दिली तरी माणसं जमतील.

आमची तालीम सुगी झाली, भात मळून झालं की पौषात सुरू होते, रात्री साडेनऊला, शाळेच्या पटांगणात. चुन्याची रेघ आखलेली असते. शेजारच्या गावच्या दिग्दर्शकांनी आणि साऊंडवाल्यांनी येऊन बसावं, वही दाखवीन.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक हौशी दिग्दर्शक